बुडाखाली काय लिहिलंय? जपानी कपबश्या, फुलदाण्या आणि त्यांचे शिक्के

माळ्यावरची
दादरचं आजीचं घर पुनर्विकासात जातंय. गेले तीन रविवार आम्ही सगळी आते-मामे भावंडं मिळून माळा उपसतोय. पितळेची भांडी, गौरीचे मुखवटे, १९८० सालची दिवाळी अंकांची चळत वगैरे निघालं त्याचं काय करायचं ते आम्हाला कळतं. पण तीन वस्तूंशी अडलंय.

एक, कपबश्या. पाच कप, सहा बश्या. राखाडी-काळ्या, आणि वर उठावाचा ड्रॅगन. बोट फिरवलं की खवले लागतात. कप अंड्याच्या कवचाइतका पातळ. रिकामा कप ट्यूबलाइटसमोर धरला आणि बुडात एका बाईचं तोंड दिसलं! हातातून सुटणारच होता. आजी या सेटला 'बाईचे कप' म्हणायची. आम्हाला आयुष्यभर वाटत आलं की कुणा बाईंनी भेट दिले असतील.

दोन, फुलदाणी. सायीच्या रंगाची, अंगभर बारीक जाळीदार तडे, त्यावर दाढीवाले म्हातारे, किमोनोतल्या बायका आणि मुबलक सोनेरी रंग. बुडाला वर्तुळ आणि त्यात अधिकचं चिन्ह. खाली अक्षरं.

तीन, लाकडी पेटी. वीतभर, चौकोनी, खूप हलकी, एकही खिळा नाही. चपट्या नाडीने बांधलेली. आत देवाच्या वाती. झाकणावर काळ्या शाईने काहीतरी लिहिलंय, म्हणून जपानी असावी एवढंच.

आजोबा गिरणीत होते. १९६३ साली माग बघायला तीन महिने जपानला गेले होते. जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ घरी येऊन गेले. फुलदाणी 'दोनशे वर्षं जुनी, राजघराण्यातली' आणि कप 'चायना माल' असं म्हणाले. तरी सगळं एकत्र न्यायला तयार आहेत. किंमत सांगितली ती बऱ्या मिक्सरइतकी.

फोटो टाकतेय. बुडाचे शिक्के बघून कोणी सांगेल का?

तिरसट
फोटो दिसत नाहीत.

बशीबहाद्दर
मलाही नाही. नुसता फुलीचा चौकोन येतोय.

माळ्यावरची
चार वेळा टाकून बघितले, वैतागले. शब्दांत सांगते, विचारा काय विचारायचं ते.

चाकावरचा
बरंच झालं. फोटो आले असते तर सगळे शिक्क्यावर तुटून पडले असते. मी पुण्यात मातीकाम करतो, विकण्यापुरतं आणि शिकवण्यापुरतं. शिक्का वाचायचाच, पण सगळ्यात शेवटी. शिक्का कोणीही मारतो. माती आणि बूड यांत खोटं बोलणं अवघड असतं.

आधी वस्तू हातात घ्या, वजन बघा. नखाने टिचकी मारा. टणत्कार आला तर पोर्सिलेन, बद्द आवाज आला तर साधी भाजलेली माती किंवा तडा. मग उजेडासमोर धरा. मग टेबलावर पंचा पसरून त्यावर पालथी घाला आणि बुडाची कडी बघा, जिच्यावर भांडं टेकतं ती. जपानीत तिला कोदाइ म्हणतात. तिथे बहुतेक वेळा झिलई नसते, उघडी माती दिसते. पांढरीशुभ्र आहे, पिवळसर आहे, तपकिरी आहे? नखाला खरखरीत की गुळगुळीत? चहाच्या समारंभात पाहुणा चहा पिऊन झाला की वाडगा उचलून, गुडघ्यांशी कोपरं टेकवून, उलटा करून कोदाइ बघतो. तो भाग आहे तिथल्या रीतीचा. आपल्याकडे कोणाच्या घरी कप पालथा करून पाहिला तर लोक काय म्हणतील ते वेगळं.

तिरसट
पण मुळात चिनी मातीची भांडी ती चिनीच ना? नावातच आहे. त्या गृहस्थांचं काय चुकलं?

बशीबहाद्दर
तिरसटराव, येवल्यात विणलेली पैठणी पैठणी असते की नाही? नावावर जाऊ नका. 'इमारी' म्हणून जगभर विकली गेलेली भांडी इमारीत बनतच नव्हती. बनायची आरिता गावात, इमारी हे जवळचं बंदर. जहाजात तिथून चढली म्हणून ते नाव.

आता कपबश्या. ताई, तुमच्या आजीचं 'बाईचे कप' अगदी बरोबर होतं. बुडात दिसते ती गेइशा. प्रकाराचं नाव लिथोफेन. चित्र रंगवलेलं नसतं, मातीची जाडी कमीजास्त केलेली असते. पातळ तिथे उजेड जास्त येतो, जाड तिथे सावली. मूळ युक्ती युरोपातली, १८२७ साली पॅरिसमध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं. विसाव्या शतकात जपानी कारखान्यांनी तीच कपाच्या बुडात घातली आणि परदेशी गिऱ्हाइकांना भरभरून विकली. चहा संपला की बाई दिसते, खलाशांना आणखी काय हवं!

उठावाच्या ड्रॅगनला मोरिआगे म्हणतात. मेंदीच्या कोनातून काढावी तशी पातळ माती नळीतून पिळून नक्षी काढायची आणि मग भाजायची. ड्रॅगनच्या डोळ्यांत निळे काचेसारखे थेंब आहेत का? आणि शिक्का काय आहे?

माळ्यावरची
आहेत! निळे थेंब आहेत! एका कपावर एक डोळा गेलाय. शिक्का फक्त दोन बश्यांवर, लाल शाईत इंग्रजी 'मेड इन जपान'. कप कोरे.

बशीबहाद्दर
बश्यांवर शिक्का आणि कप कोरे, हे नेहमीचं.

हा शिक्का कुंभाराने गिऱ्हाइकासाठी मारलेला नाही, कस्टमवाल्यासाठी मारलाय. अमेरिकेने १८९० साली मॅकिन्ले कायदा केला. बाहेरून आलेल्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत हवं, हा नियम १८९१ पासून लागू. जपान्यांनी 'निप्पॉन' लिहायला सुरुवात केली. तीस वर्षं चाललं. १९२१ साली अमेरिकन कस्टमने म्हटलं की निप्पॉन हा तुमच्या भाषेतला शब्द, इंग्रजीत 'जपान' लिहा. म्हणून अमेरिकेत गेलेल्या मालावर नुसतं 'निप्पॉन' असेल तर तो साधारण १८९१ ते १९२१ मधला. 'जपान' किंवा 'मेड इन जपान' असेल तर बहुधा त्यानंतरचा. आणि 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर महायुद्धानंतर अमेरिकेचं सैन्य तिथे होतं तेव्हाचा, म्हणजे १९५२ च्या एप्रिलपूर्वीचा. माझ्याकडे चोर बाजारातली तसली एक मेंढपाळणीची बाहुली आहे. दिसायला भयंकर, पण शिक्का असा स्पष्ट की फेकवत नाही.

तुमचे कप १९२१ नंतरचे. आजोबांनी १९६३ मध्ये आणले असतील तर त्यात काही विसंगत नाही. चायना माल मात्र नव्हे.

चाकावरचा
यात दोन खाचखळगे आहेत. नियम अमेरिकेचा. मुंबई बंदरात उतरलेल्या मालाला तो लागू नव्हता. आपल्याकडे सापडलेल्या तुकड्यावर शिक्का नाही म्हणून तो १८९१ च्या आधीचा, असं म्हणणारा विक्रेता भेटला की उठून चालू लागा.

दुसरं, 'निप्पॉन' हा शब्द कंपनीच्या नावातही असतो. नोरिताकेचं मूळ नाव निप्पॉन तोकि काइशा, १९०४ साली नागोयाजवळच्या नोरिताके गावात निघालेली. ते नाव १९८१ पर्यंत होतं. म्हणजे १९७० च्या बशीवरही निप्पॉन सापडेल.

बशीबहाद्दर
मान्य, गडबडीत राहिलं.

नोरिताके निघालंच आहे तर सांगतो, कारण आखातातून आलेले नोरिताकेचे सेट मराठी शोकेसमध्ये खूप आहेत. हिरव्या पानांच्या वर्तुळात इंग्रजी एम असेल तर तो एम मोरिमुरा घराण्याचा, ज्यांनी कंपनी काढली. एमच्या जागी एन असेल तर १९५३ नंतरचं. युद्ध संपल्यावर दोनेक वर्षं त्यांनी आपलं नावच लावलं नाही, 'रोझ चायना' म्हणून माल विकला, कारण माती, रंग, कोळसा काहीच आधीच्या प्रतीचं मिळत नव्हतं आणि त्या मालावर नोरिताके लिहायला त्यांचं मन होईना. मला ही गोष्ट फार आवडते. आणि खाली 'श्रीलंका' लिहिलेलं असेल तर नकली समजू नका, तिथल्या मातले गावात त्यांचा कारखाना आहे.

नकली निप्पॉनही भरपूर आहे. पानांचं वर्तुळ तेच, पण आत एमऐवजी वाळूच्या घड्याळासारखी आकृती. घाईत बघितलं तर एमच वाटतो.

संत्र्याचा_देठ
नागपूरहून. वाचूनच काढत होतो, पण आता राहवत नाही. माझ्याकडे एक ताटली आहे. लाल रंग, त्यावर सोन्याची नक्षी, मध्ये पक्षी. मागे लाल अक्षरांच्या दोन उभ्या ओळी. फोटोचं तर काही खरं नाही. कसं वर्णन करू?

निशिकासाईकर
तोक्योहून हात वर करतेय. अक्षरं काढून दाखवल्यासारखी सांगा, मी ओळखते. आधी उजवीकडची ओळ, वरून खाली. मग डावीकडची.

संत्र्याचा_देठ
उजवीकडे:
वर हात-पाय फाकवून उभा असलेला माणूस.
त्याखाली उभी खिडकी, मध्ये एक आडवा गज.
त्याखाली झाड, आणि बुंध्यावर एक छोटी आडवी रेघ.
डावीकडे:
आडवी रेघ पुढे जाऊन खाली वळते आणि आकडी मारते. तिला वरून छेदून एक रेघ डावीकडे घसरलीय.
मग घराचं छप्पर, छपरावर दोन कावळे, छपराखाली लहान चौकोन.
शेवटचं फारच किचकट. होडीसारखं काहीतरी खाली पसरलंय.

निशिकासाईकर
छपरावर दोन कावळे!! हे मी माझ्या जपानी शिकणाऱ्या मुलाला सांगणार.

माणूस म्हणजे 'दाइ', मोठा. खिडकी आणि झाड मिळून 'निप्पॉन'. खिडकी म्हणजे सूर्य, आणि झाडाच्या बुंध्यावर रेघ म्हणजे मूळ. 'महान जपान'. आकडीवाला म्हणजे नऊ. कावळ्यांचं घर म्हणजे दरी. नऊ दऱ्या, कुतानि. होडीवालं बहुतेक 'झो', बनवलं. 'महान जपानातील कुतानि इथे बनवलेलं.'

कुतानि हे आजच्या इशिकावा प्रांतातलं डोंगरातलं गाव. तिथे पहिली भट्टी सतराव्या शतकाच्या मध्यावर सुरू झाली, काही दशकांनी बंद पडली, आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभी राहिली. लाल-सोनेरी थाट हा त्या दुसऱ्या डावातला, आणि परदेशात गेला तो मुख्यतः मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२. 'दाइ निप्पॉन' लिहिण्याची हौसही त्याच काळातली. देश नुकताच जगासमोर उभा राहिलेला, छाती फुगवून सांगत होता.

पण कुतानि हा शिक्का आजही मारतात. मागच्या आठवड्यात इथल्या सुपरमार्केटमध्ये सोया सॉसच्या बशीवर बघितला.

चाकावरचा
देठभाऊ, सोनं तिरकं धरून बघा. वापराने झिजलेलं सोनं कडांवर आणि जिथे हात लागतो तिथे झिजतं. सगळीकडे सारखं फिकं असेल तर मुद्दाम घासलंय. बुडाच्या कडीवर बारीक ओरखडे हवेत, वेड्यावाकड्या दिशांनी. एकाच दिशेने असतील तर सँडपेपर.

माळ्यावरची
आता माझी फुलदाणी! वर्तुळातलं अधिक!

लॅबमधला_उंदीर
थांबा थांबा. वर्तुळात अधिक? आमच्या लॅबमधल्या क्रोमॅटोग्राफवर हेच चिन्ह आहे. शिमाद्झु कंपनी. फुलदाणी पण त्यांचीच?

निशिकासाईकर
हसले, पण नातं खरं आहे. ती खूण सात्सुमाच्या शिमाझु सरदार घराण्याची. दक्षिणेला कागोशिमा आहे तिथे त्यांचं राज्य. तुमच्या यंत्रवाल्यांच्या पूर्वजांना त्या घराण्याकडून नाव आणि चिन्ह मिळालं असं कंपनीच सांगते.

सात्सुमाची मातीकला कोरियन कुंभारांनी उभी केली. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५९२ ते ९८ दरम्यान कोरियावर स्वाऱ्या केल्या, तेव्हा जपानी सरदारांनी तिथले कुंभार धरून आणले. सात्सुमा, हागि, आरिता, कारात्सु, सगळीकडे तीच कहाणी.

बशीबहाद्दर
आणि शिक्क्यापुरतं: १८६७ ला पॅरिस आणि १८७३ ला व्हिएन्नाच्या प्रदर्शनात सात्सुमाची भांडी युरोपने पाहिली आणि वेड लागलं. मागणी एवढी वाढली की क्योतो, ओसाका, योकोहामा इथे 'सात्सुमा' बनू लागली, आणि प्रत्येकाने बुडाला तीच खूण घातली. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत, तसं. त्यात ओसाकाच्या याबु मेइझानसारखे अफाट कारागीरही होते. भिंगाशिवाय चेहरे दिसत नाहीत इतकं बारीक काम. आणि बाकी टनावारी मालही होता. ती खूण घर सांगत नाही, थाट सांगते.

ताई, तीन प्रश्न. कुठे इंग्रजी शब्द आहेत का? म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांवर भिंग धरा, रेषा दिसतात की ठिपके? आणि आतून कशी आहे?

माळ्यावरची
अक्षरं आणि खुणेच्या खाली, अगदी बारीक, इंग्रजीत 'रॉयल सात्सुमा'. मला वाटलं राजघराण्याचं ते हेच.

भिंग धरलं. ठिपके. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. फक्त सोन्याचे कंगोरे हाताला लागतात.

बशीबहाद्दर
मग छापील चित्र, वर सोनं हाताने. 'रॉयल सात्सुमा' असं इंग्रजीत लिहिलेला माल अलीकडच्या काही दशकांतला, आणि बहुतेक चीनमध्ये बनलेला.

तिरसट
म्हणजे जो जपानी तो चायना माल आणि जो चायना माल तो राजघराण्याचा. त्या गृहस्थांनी शंभर टक्के उलट सांगितलं. यालाही कसब लागतं.

माळ्यावरची
आईला आत्ता आठवलं, फुलदाणी आजोबांनी आणलीच नव्हती. काकाच्या लग्नात कोणीतरी दिलेली. १९९४.

चौपाटीवरून
थोडं अवांतर. आमच्या गिरगावच्या इमारतीत जिन्याच्या भिंतीला गुलाबी फुलांच्या उठावाच्या फरश्या होत्या, सगळे विलायती म्हणायचे. दुरुस्तीत एक निखळली. मागे जाळीसारखे उंचवटे आणि मध्ये उठावात 'मेड इन जपान'.

चाकावरचा
अवांतर कसलं, तोच विषय. पहिल्या महायुद्धात युरोपातून फरश्या येणं तुटलं आणि जपानी कारखान्यांनी ती जागा घेतली. अवाजी बेटावरची डांटो हे त्यातलं मोठं नाव. हिंदुस्थान त्यांचं मोठं गिऱ्हाईक, इतकं की खास आपल्यासाठी कृष्णाच्या आणि देवदेवतांच्या फरश्याही पाडल्या. मलबा नेणाऱ्याला देऊ नका, मागची बाजू धुऊन बघा.

निशिकासाईकर
मीही एक दाखवते, म्हणजे सांगते. इथल्या देवळाच्या आवारात महिन्यातून एकदा जुना बाजार भरतो. तिथे भाताचा एक जाडजूड वाडगा घेतला, कडेला हिरव्या दोन रेघा, बस. बुडाला एक अक्षर आणि एक आकडा. अक्षरात डावीकडे डोंगर, उजवीकडे फांदी. 'गि', म्हणजे गिफु प्रांत. युद्धाच्या काळात सरकारने भट्ट्यांवर नियंत्रण आणलं आणि प्रत्येक उत्पादकाला नंबर दिला. कारागिराचं नाव गेलं, गावाचं गेलं, राहिला प्रांत आणि आकडा. धातू युद्धात जात होता, म्हणून मातीची बटणं, मातीच्या इस्त्र्या, अगदी मातीचे हातबाँबही बनले. माझ्या कपाटातलं सगळ्यात ओबडधोबड भांडं हेच आहे आणि मी रोज त्यातच दहीभात खाते.

तिरसट
शिक्क्याने कधी खरं सांगितलंय असं एक तरी उदाहरण आहे का? इथे प्रत्येक जण तो काय सांगत नाही तेच सांगतोय.

चाकावरचा
तुमच्या प्रश्नात दम आहे. आरिताच्या जुन्या भांड्यांवर चक्क 'महान मिंग राजवटीच्या चेंगहुआ काळात बनवलेलं' असं चिनी भाषेत लिहिलेलं सापडतं. चेंगहुआचा काळ १४६५ ते १४८७. आरितात पोर्सिलेन सुरू झालं सतराव्या शतकात. फसवायचा हेतू असेलच असं नाही, थोरांचं नाव घेऊन सुरुवात करावी तसं. अशा भांड्याला शिक्क्यापेक्षा बुडावरचे टाचणीच्या डोक्याएवढे खडबडीत ठिपके ओळख देतात. भट्टीत बूड मध्ये बसू नये म्हणून खालून मातीचे टेकू देत, त्यांच्या खुणा. आरितात त्या नेहमी दिसतात, चिनी मालावर सहसा नाहीत.

उलट बाजूला, खरं सांगणारा शिक्का म्हणजे बिझेनचा. मोठ्या सामायिक भट्टीत अनेकांची भांडी एकत्र भाजायची, म्हणून प्रत्येक जण काडीने ओल्या मातीवर आपली खूण ओरखडायचा, दोन रेघा, एक फुली, एक वर्तुळ. गिऱ्हाइकासाठी नव्हे, भट्टी उघडल्यावर भांडण नको म्हणून. (बिझेन ओकायामा प्रांतात. पुण्यात सिंहगड रस्त्याला पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते याच ओकायामाच्या मैत्रीतलं. विद्यार्थ्यांना मी तिथे नेतो, तिथे भांडी नाहीत, पण कोदाइवर बोलायला गवत बरं आहे.)

आणि शोजि हामादा. विसाव्या शतकातला जपानचा सगळ्यात नावाजलेला कुंभार. माशिको गावी राहायला गेल्यावर त्याने भांड्यावर सही करणंच सोडलं. क्योतोचा कानजिरो कावाइ, तोही नाही.

बशीबहाद्दर
मग हामादाचं भांडं ओळखतात कसं?

चाकावरचा
पेटीवरून. भांड्याबरोबर किरि लाकडाची पेटी देतात, हलकी, खिळ्याशिवाय, चपट्या नाडीने बांधलेली. झाकणावर कुंभार स्वतःच्या हाताने लिहितो काय आहे ते, सही करतो आणि लाल शिक्का मारतो. तोमोबाको म्हणतात तिला.

माळ्यावरची ताई, तुमच्या वातींच्या पेटीवर काय लिहिलंय?

माळ्यावरची
अंगावर काटा आला. उद्या दादरला जाते.

माळ्यावरची
आले. बाहेरच्या बाजूला मोठी तीन अक्षरं, उभी. आतून, झाकण उलटं केल्यावर, दोन बारीक अक्षरं आणि लाल चौकोनी शिक्का. शिक्क्यातलं काही म्हणजे काही कळत नाही, चक्रव्यूह आहे.

बाहेरची तीन, नीट बघून लिहितेय.
पहिलं: डोक्यावर कुंपण, म्हणजे आडव्या रेघेवर दोन उभ्या काड्या. कुंपणाखाली डावीकडे झाड, ज्याचा शेंडा एका बाजूला कललाय. उजवीकडे पेटलेली काडी, दोन्ही बाजूंना ठिणग्या.
दुसरं: परत कुंपण. त्याखाली छप्पर. छपराखाली छोटं झाड.
तिसरं: डावीकडे एक चौकोन, वर तिरकी रेघ. उजवीकडे गुंता.

निशिकासाईकर
ताई, किती सुरेख वाचलंत!

कुंपण म्हणजे गवत. कललेल्या शेंड्याचं झाड म्हणजे धान्याचं रोप. ठिणग्यांची काडी म्हणजे विस्तव. रोप आणि विस्तव मिळून शरद ऋतू. त्यावर गवत घातलं की 'हागि', शरदात फुलणारं एक झुडूप. आणि त्याच नावाचं गाव, यामागुचि प्रांतात. दुसरं अक्षर चहा. तिसऱ्यातला चौकोन म्हणजे दगड, पूर्ण अक्षर वाडगा.

'हागि च्यावान.' हागिचा चहाचा वाडगा. आतली दोन अक्षरं कुंभाराचं नाव असणार, ती अक्षरं मला वैयक्तिक निरोपातून चितारून पाठवा. नावं एकाच अक्षरांची चार प्रकारे वाचतात, मी हागिच्या एखाद्या दुकानात विचारीन.

चाकावरचा
चहावाल्यांत वाडग्यांच्या पसंतीबद्दल म्हण आहे: पहिला राकु, दुसरा हागि, तिसरा कारात्सु.

वाडगा कुठे आहे?

माळ्यावरची
तेच तर. पेटीत वाती होत्या. वाडगा आम्ही कोणी कधी बघितला नाही. घरच्या ग्रुपवर टाकलंय.

तिरसट
आता झोप लागणार नाही.

माळ्यावरची
सापडला!!! डोंबिवलीला आत्याकडे. ग्रुपवर तिचं उत्तर जसंच्या तसं: "बाबांनी जपानहून आणलेला मळकट वाडगा ना? माझ्याकडे आहे. बुडाला आणला तेव्हापासूनच टवका उडालेला, म्हणून आईने शोकेसमध्ये लावला नाही. आधी फार पाझरायचा, खाली बशी ठेवावी लागे. मग दूध शोषून बंद झाला. पस्तीस वर्षं त्यात विरजण लावते."

म्हणजे फुटकाच. असो.

चाकावरचा
घाई करू नका. टवका कुठे आहे, बुडाच्या कडीत? व्ही आकाराचा? कडा धारदार आहेत की बोथट? आत झिलई ओघळलीय का?

माळ्यावरची
आज डोंबिवलीला जाऊन आले. आत्याने दही दुसऱ्या भांड्यात काढून दिलं. पंचा पसरून पालथा घातला, तुम्ही सांगितलं तसा.

बाहेरून फिकट गुलाबी-पिवळट, बिस्किटासारखा. आतून जाळी, पण जाळीच्या रेघा दुधाने तपकिरी झाल्यात, नद्यांच्या नकाशासारख्या. एका बाजूला बोटांच्या तीन पुसट खुणा. माझी तीन बोटं त्यात बसली. बुडाला कुठेही शिक्का नाही, अक्षर नाही, काही नाही.

कडीतला टवका पाचरीच्या आकाराचा. कडा बोथट. आणि हो, झिलईचा एक थेंब त्या खाचेत उतरून थांबलाय.

चाकावरचा
मग तो टवका नव्हे. झिलई खाचेत उतरलीय, म्हणजे भट्टीत जायच्या आधीच खाच होती. कुंभाराने सुरीने कापलीय. किरि-कोदाइ म्हणतात, कापलेली कडी. हागिची ओळखच आहे ती. तिथे असंही सांगतात की भांडी सरदारासाठी असायची, मुद्दाम खोट काढली की सामान्यांनाही वापरता यायची. खरं-खोटं देव जाणे, खाच मात्र खरी.

पाझरणंही हागिचंच. माती सच्छिद्र, कमी आचेवर भाजलेली. जपानात नवा वाडगा वापरण्याआधी तांदळाच्या धुवणात किंवा पातळ पेजेत उकळतात, भोकं बुजावीत म्हणून. तुमच्या आत्याने दुधाने तेच केलं. वापरून वापरून रंग बदलत जातो त्याला 'हागिची सात रूपं' म्हणतात, लोक त्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात. चहाने व्हायचं ते दह्याने झालंय, एवढाच फरक.

निशिकासाईकर
आतल्या नावाचं चित्र मिळालं, विचारतेय. उत्तर यायला वेळ लागेल, घाई नको. आणि त्या गृहस्थांना काहीही देऊ नका.

बशीबहाद्दर
बाईचे कप मात्र विकायचे झाले तर आधी मला कळवा. डोळा गेलेला पण चालेल.

माळ्यावरची
कप माझ्या मुलीने घेतले, ती आता येईल त्याला ट्यूबलाइटखाली बाई दाखवते. सॉरी.

वाती डब्यात काढल्या, पेटी पुसून ठेवलीय. वाडगा त्यात ठेवण्याआधी दह्याचा वास कसा घालवू? भांड्यांचा साबण चालेल?

चाकावरचा
साबण अजिबात नको, शोषून घेईल. कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, पाणी बदला, असं तीन-चार दिवस. मग सावलीत निदान आठवडाभर वाळू द्या. ओला असताना पेटीत ठेवलात तर बुरशी येईल.

माळ्यावरची
आत्याला फोन करून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आठवडाभर? मग उद्याचं विरजण कशात लावू?"